भट्टीच्या तोंडाशी बांध

सकाळी पावणेसातला तळ्याचे पाणी भट्टीच्या बोगद्याच्या तोंडाखाली दोन विटांच्या अंतरावर येऊन टेकले. आदल्या संध्याकाळी ते पाच विटा खाली होते.

भट्टी पेटून तेव्हा दीड दिवस झाला होता. लाकडावरची भट्टी मध्येच विझवता येत नाही. ती एकदम थंड झाली तर आतली भांडी तडकतात. तापलेल्या राखखळग्यात गार पाणी शिरले तर त्याहून वाईट: वाफेने खालची फरशी उडते, आणि मग भांडीही राहत नाहीत आणि भट्टीही. बोगदा याच खळग्यात उघडतो. जाळाला खालून हवा मिळावी म्हणून तो तळ्याच्या काठापासून जमिनीखालून भट्टीच्या पोटापर्यंत काढलेला आहे. तळ्यावरची गार हवा ओढली की जाळ स्वच्छ लागतो, असे भट्टीवालीचे मत होते आणि बोगद्याची जागा तिनेच ठरवली होती. तळे चढेल ही शंका तेव्हा कोणाला आली नव्हती. जादा पाणी बाहेर काढायला पलीकडच्या बांधात चांगला मांडीएवढा जाड पाइप होता.

भट्टीवाली म्हणजे या जागेची मालकीण. तिशीपासून चाकावर बसलेली, आता पन्नाशी ओलांडलेली. भट्टीत तिचे पाच रांजण होते, प्रत्येक तिच्या छातीपर्यंत उंच. डाव्या मनगटाचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरले होते, आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते: वाट्या करा, कप करा, पण मोठी माती पुन्हा उचलायची नाही. म्हणून हे पाच रांजण तिने आधीच, दुखरे मनगट पट्टीने आवळून, वर्षभरात एकेक करून घडवले होते. हे फुटले तर सहावा होणार नव्हता.

पाण्याची बातमी तिच्या नवऱ्याने आणली. तो माती उकरायचे मशीन चालवतो; गावात त्याला मशीनवालाच म्हणतात. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन तो भट्टीच्या छपराखाली आला.

"पाइप पुन्हा बुजला."

"काल मोकळा केलात ना?" तिने जाळात लाकूड सारले, मागे पाहिले नाही.

"केला होता. आता आत माझं दाताळं आहे."

"म्हणजे?"

"बांधावर विसरलो होतो. त्यांनी ते पाइपात आडवं घातलंय. त्यावर तुझी लाकडं. फोडलेली, सुकलेली. ओली एक नाही घेतली, निवडून नेलीत."

'त्यांनी' म्हणजे बीव्हरांनी. कुत्र्याएवढा, घुशीच्या तोंडवळ्याचा, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा हा प्राणी वसंतात वरच्या ओढ्यातून खाली आला होता, आधी एकटा, मग जोडीदारीण घेऊन. तळ्यात, काठापासून काही हातांवर, त्यांनी काटक्या आणि चिखल रचून घर केले. तोवर सगळ्यांना कौतुक होते. मग त्यांनी पाइप बुजवायला घेतला. मशीनवाल्याने तो दिवसा मोकळा करायचा, त्यांनी अंधारात बंद करायचा, असा खेळ आठवडाभर चालला होता. भट्टी पेटलेली नव्हती तोवर तो खेळच होता.

"मशीन काढतो," मशीनवाला म्हणाला. "पाइप, घर, सगळं एका दमात साफ. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"नऊला त्या मॅडम येतायत खात्याच्या. त्यांना काय सांगणार?"

"आपोआप झालं म्हणून सांगू."

लाकडाच्या ढिगावर बसलेला तिसरा माणूस हसला. तो भट्टीवालीचा धाकटा भाऊ. तीस वर्षे नाटकांना आवाज पुरवण्यात गेली: दारांचे, घोड्यांचे, आगगाडीचे. पत्र्याचा गडगडाट त्याच्याइतका कोणालाच जमत नसे, म्हणून नाटकवाले त्याला ढगोबा म्हणायचे आणि घरच्यांनीही तेच उचलले. बहिणीच्या भट्टीला लाकूड घालायला तो गाडी घेऊन आला होता.

"भाऊजी, तुमच्या मशीनने आपोआप एवढं एकच झालंय आजवर," तो म्हणाला. "फाटक आडवं."

"मेव्हणे, तुम्ही लाकडं मोजा."

"काय मोजू? अर्धी पाइपात आहेत."

"दोघं गप्प बसा," भट्टीवाली म्हणाली. "मला जाळ ऐकू येत नाहीये."

वन्यजीव खात्याच्या बाई नऊच्या आधीच आल्या. उंच रबरी बूट, गळ्यात दुर्बीण. त्यांनी तळे पाहिले, पाइप पाहिला, पिवळे मशीन पाहिले, मशीनवाल्याकडे पाहिले. मग काठाकाठाने घराच्या जवळ जाऊन त्या वाकल्या आणि बोट ओठांवर ठेवले. ढगोबा त्यांच्या मागे होता. त्याने मान तिरकी केली. काटक्यांच्या ढिगातून बारीक, सलग कुरकुर येत होती. रडून दमलेले तान्हे मूल झोपेआधी करते तशी.

"किती आहेत?" त्याने विचारले.

"तीन असतील. चारही असतील." बाई परत काठावर आल्या आणि मशीनवाल्याला म्हणाल्या, "आत पिल्लं आहेत. घराला हात लावायचा नाही, मशीन पाण्याजवळ आणायचं नाही. पाइप हाताने मोकळा करा, त्याला माझी हरकत नाही. जमीन तुमची, पाइप तुमचा. घर त्यांचं."

"आणि भट्टी? पाणी आत गेलं तर?"

"भट्टी कुठे आहे?"

त्याने बोट दाखवले. बाईंनी छपराच्या वर निघणारा धूर पाहिला, मग बोगद्याचे तोंड पाहिले, आणि पहिल्यांदा त्यांची चाल वेगवान झाली.

भट्टीजवळ उभे राहून त्यांनी जे सांगितले ते भट्टीवालीने लाकूड घालता घालता ऐकले. बीव्हरला पाइप दिसतो म्हणून तो बुजवत नाही. त्याला वाहते पाणी ऐकू येते. पाण्याचा खळखळाट कानी पडला की कुठेतरी आपले तळे गळते आहे एवढेच त्याला कळते, आणि मग त्याला राहवत नाही. आवाज बंद होईपर्यंत तो चिखल आणि काटक्या टाकत राहतो.

"आमच्या आईसारखं," मशीनवाला म्हणाला. "नळ टपकला की झोप नाही. सगळ्यांना उठवणार."

"पाइप मोकळा केलात की पाणी धो धो जातं, तुम्ही खूश होता, आणि तिकडे त्यांना आमंत्रण जातं," बाई म्हणाल्या. "पाणी गुपचूप गेलं पाहिजे. लांब पाइप घ्या, अंगाला भोकं असलेला. एक टोक तळ्याच्या मधे, पाण्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यात. दुसरं टोक या पाइपातून बाहेर. पाणी सगळ्या भोकांतून थोडं थोडं शिरतं. आवाज नाही, ओढ नाही. त्यांना पत्ता लागत नाही."

मशीनवाल्याच्या अंगणात असला पाइप वेटोळे घालून पडलेला होता. शेतातले पाणी काढायला तो हाच वापरतो. त्याचा चेहरा पालटला. मशीन नाही तर नाही, पण काम होते.

"आणि आवाज दुसरीकडे केला तर?" ढगोबाने विचारले.

बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिले.

"म्हणजे पाणी इथून गुपचूप न्यायचं," तो म्हणाला, "आणि त्या पलीकडच्या काठावर धबधबा वाजवायचा. तिथे बांधू दे त्यांना काय बांधायचं ते."

"असं झालेलं आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "स्पीकरवर चिखल लिंपलाय त्यांनी. कोरड्या जमिनीवर."

"झालं तर. माझ्या गाडीत चार स्पीकर आहेत."

"तळं उपसायला आता नाटक कंपनी," मशीनवाला म्हणाला, पण निघालासुद्धा.

पाइप मोकळा करायला दुपार झाली. आधी वरची लाकडे निघाली. भट्टीवालीचा निरोप होता की ओली झाली तरी चालतील, परत आणा. मग चिखलाचा गच्च थर, मग वेलींचे गुंडाळे, मग एक बूट, जो कोणाचाच नव्हता. दाताळे शेवटी निघाले. मशीनवाला आणि ढगोबा दोघे त्याच्या दांड्याला लोंबकळले होते आणि ते निघाले तसे दोघेही उताणे पडले. मागून पाणी सुटले. पाइपातून बाहेरच्या चरात ते असे कोसळले की चराच्या काठावरची माती ढासळली आणि मशीनवाल्याची टोपी वाहत गेली. चिखलाने काळा झालेला ढगोबा उठून बसला आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"काय आवाज आहे," तो म्हणाला. "खालून घशातल्यासारखा येतोय, बघा."

"ऐकत बसू नका. पाइप धरा."

काळा पाइप त्यांनी आत सारला आणि भोवतालची फट चिखलाने बुजवली. तळ्याकडचे टोक जाळीच्या पिंजऱ्यात घालून, पिंजऱ्याला विटा बांधून, मशीनवाल्याने ते छातीभर पाण्यात चालत मध्यापर्यंत नेऊन बुडवले. बाहेरच्या टोकाखाली पोती अंथरली. पाणी पोत्यांवरून तेलासारखे सरकत चरात उतरू लागले. दहा पावलांवर उभे राहिले तर ते वाहते आहे हे कळत नव्हते. बाईंनी दोनदा पाठ फिरवून ऐकले आणि मान डोलावली. त्यांना दुसऱ्या गावी जायचे होते. संध्याकाळी फोन करा, म्हणाल्या. तोवर बीव्हर बाहेर येत नाहीत.

अडचण एकच होती. वरच्या ओढ्याचे पाणी येणे थांबलेले नव्हते, आणि काळा पाइप जुन्या पाइपापेक्षा बारीक होता. तीन वाजता पाणी बोगद्याखाली एक वीट होते. चारला एकापेक्षा थोडे कमी.

भट्टीवालीला हे दर खेपेला कोणीतरी येऊन सांगत होते. तिच्यापुढे दुसरेच काम होते. आतले रांजण आता लाल राहिले नव्हते, पिवळ्याच्या पुढे गेले होते. झरोक्यातून पाहिले तर समोरच्या रांजणावर राख वितळून ओली दिसायला लागली होती. इथून पुढचे काही तास जाळ एका रेषेत ठेवायचा असतो. लाकूड घातले की भट्टी एकदम गुदमरते, धुरांड्यातून धूर आणि पिवळी जीभ बाहेर येते, मग ती श्वास घेते, जीभ आत जाते, उजेड पांढरा होतो. तेव्हा पुढचे लाकूड. त्या श्वासाकडे तिचे लक्ष होते.

"मला दर घटकेला येऊन पाणी सांगू नका," ती भावाला म्हणाली. "माझी लय जाते. पण पाइप चालू आहे की बंद पडला ते मात्र मला कळलं पाहिजे."

"मग ऐकच ना," ढगोबा म्हणाला.

त्याने बारीक मायक्रोफोन काळ्या पाइपाच्या बाहेरच्या तोंडात आतपर्यंत सारला, तार ओढून आणली आणि चौथा स्पीकर भट्टीच्या पायथ्याशी, राखखळग्याच्या झडपेशेजारी ठेवला. ती तिथेच वाकून राख पाहत असे. बटण फिरवताच पाइपाच्या आतले पाणी छपराखाली बोलायला लागले: गुळगुळ, घुटके, मधेच एक लांब ओढ.

भट्टीवाली ऐकत राहिली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आले.

"हे बरंय. बंद पडलं तर लगेच कळेल."

"कधी तरी भावाचा उपयोग होतो म्हण."

"म्हटलं असतं, पण तू लगेच आईला फोन करून सांगशील."

बाकीचे तीन स्पीकर त्याने पलीकडच्या काठावर, वाळक्या ओहोळात मांडले. आवाज कुठला लावायचा यावर त्याला विचार करावा लागला नाही. त्याचा धबधबा नामांकित होता. एका नाटकाच्या तिसऱ्या अंकात तो बारा वर्षे वाजला होता. पहिल्या रांगेतले लोक चष्मे पुसायचे, असे तो सांगे, आणि त्या नाटकात काम केलेले लोकही तसेच सांगत.

दिवेलागणीला सगळे जागेवर होते. भट्टीवाली जाळापाशी, ढगोबा पलीकडच्या काठावर झुडपामागे, मशीनवाला मधल्या बांधावर, कानाला फोन. धबधबा सुरू झाला. तळ्यावर तो इतका सुंदर घुमला की मशीनवाल्याला ओठ मिटवून घ्यावे लागले, नाहीतर त्याच्या तोंडून कौतुक निघाले असते.

काही वेळाने काटक्यांच्या घराशेजारी पाणी हलले. एक काळे डोके वर आले, मागे दोन रेघा फाकत गेल्या. डोके सरळ पलीकडच्या काठाकडे निघाले. ढगोबाने श्वास रोखला. बीव्हर स्पीकरपासून दोन हातांवर आला, थांबला, नाक वर केले. धबधबा त्याच्या तोंडावर कोसळत होता. मग तो वळला आणि निघून गेला, मध्यंतरातच घरी जाणाऱ्या प्रेक्षकासारखा.

"मेव्हणे," फोनमध्ये मशीनवाल्याचा आवाज आला, दबका आणि खूश. "तुमचा पाहुणा उठून चालला."

"कुठे? पाइपाकडे?"

"नाही. पाइपाकडेही नाही." मशीनवाला बांधावर उठून उभा राहिला. "हा आपल्याकडे चाललाय. भट्टीकडे."

छपराखाली भट्टीवालीने नुकतेच लाकूड घातले होते. धूर आला, पिवळी जीभ आली. ती आत जायची वाट पाहत ती उभी राहिली. जीभ गेली नाही. धूर काळा होत गेला. झरोक्यातला पांढरा उजेड मळून नारिंगी झाला. भट्टीचा घोरण्यासारखा आवाज खाली खाली गेला. शेजारी स्पीकर मजेत गुळगुळत होता, म्हणजे पाइप चालू होता. तिने वाकून राखखळग्याच्या झडपेपुढे तळहात धरला. एरवी तिथे वारा हाताची लव हलवतो. आता काही नव्हते.

पाणी शिरले, असे तिला वाटले. पण पाणी शिरले असते तर तिला तसे वाटायलाही वेळ मिळाला नसता. ती झडपेपासून उठली आणि दिवसभरात पहिल्यांदा छपराबाहेर पळाली.

बोगद्याच्या तोंडाशी बीव्हर होता. मागच्या पायांवर उभा, पोटाशी चिखलाचा गोळा धरलेला, दोन्ही हातांनी तो बोगद्यात दाबत होता. वरची फट सोडली तर तोंड बंद झाले होते. त्याने गोळा बसवला, नाकाने ठोसला, पाण्यात बुडी मारली आणि दुसरा घेऊन आला. घाई अशी की माणूस चार हातांवर उभे आहे याची त्याला फिकीर नव्हती. मागून दुसरा, थोडा लहान, तोंडात भट्टीचेच एक लाकूड घेऊन येत होता. बोगद्यातून, त्या दोघांच्या पुढ्यातून, वाहत्या पाण्याचा स्पष्ट आवाज येत होता.

ढगोबा धापा टाकत पोचला तो हा आवाज ऐकून जागीच थबकला.

"ताई, तो माझा स्पीकर आहे. खळग्याशी ठेवलेला. तुझा बोगदा कर्णा झालाय. सगळं पाणी इथे ऐकू येतंय."

"आणि तुझा धबधबा?"

तो स्पीकर बंद करायला वळला.

मशीनवाला फावडे घेऊन धावत आला. "बाजूला व्हा. आधी ते भोक मोकळं करतो, मग त्यांना बघतो."

त्याने फावडे उगारले तेव्हा भट्टीवाली बीव्हरकडे पाहत नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती. पाणी बोगद्याखाली बोटभर उरले होते. दोघे प्राणी बुडी मारून वर आले की लाट उठून उंबऱ्याला लागत होती आणि ओल्या चिखलावरून मागे सरत होती.

"हात लावू नका," ती म्हणाली.

"भट्टी मरतेय ती."

"मरतेय. पण तुम्ही ते काढलंत तर हवेच्या मागोमाग पाणी आत जाईल. आता तेच अडवून धरलंय त्यांनी." ती परत फिरली होती. "हवा मी वरून देते. हातोडा आणा. आवाज बंद करू नकोस रे. वाढव थोडा."

"वाढवू?"

"त्यांना अर्धवट सोडून जाऊ द्यायचं आहे का?"

भट्टीचे पुढचे दार विटांनी चिणलेले असते. त्याच्या वरच्या ओळीतल्या विटा पाडल्या तर हवा आत येते, पण ती गार हवा, खालून तापत न येता, समोर उभ्या असलेल्या पहिल्या रांजणावर थेट पडते. पहिला रांजण सगळ्यांत मोठा होता. त्याच्या खांद्याचा घेर ओढताना तिचे मनगट सुटले होते आणि तिने ते डाव्या कोपराने सावरले होते. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. नवऱ्याला त्या संध्याकाळी मनगटाची सूज दिसली, तेवढेच. तिने हातोडा उजव्या हातात घेतला, ओल्या पोत्याने तोंड झाकले आणि पहिली वीट आत ढकलली. भोकातून ज्वाळा हातभर बाहेर आली. दुसरी. तिसरी. मशीनवाला मागून तिच्या कंबरेला धरून उभा होता, तिला मागे ओढता येईल असा.

चौथ्या विटेनंतर भट्टीने श्वास घेतला. तो तिघांनी ऐकला. बाहेर आलेली ज्वाळा आत खेचली गेली, काळा धूर करडा झाला, मग पातळ झाला, मग धुरांड्याच्या टोकावर नुसती थरथरती हवा उरली. झरोक्यात नारिंगीचा पिवळा झाला.

"चढतंय," भट्टीवाली म्हणाली. तिच्या पुढच्या केसांची टोके जळाली होती. "लाकूड द्या. बारीक. ओलं नको."

ढगोबाने लाकूड दिले, मशीनवाल्याने लाकूड दिले, आणि ती घालत राहिली. बाहेर दोन बीव्हर बोगदा लिंपत राहिले. स्पीकर गुळगुळत राहिला. मशीनवाल्याने बाईंना फोन लावला आणि झाले ते एका वाक्यात सांगायचा प्रयत्न तीनदा केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आवाज चालू आहे अजून?"

"आहे."

"मग बंद करू नका. तो चालू असेपर्यंत ते थांबायचे नाहीत. पाणी किती?"

तो कंदील घेऊन पाहून आला. "उंबऱ्यावर चढलंय. चिखलाला लागलंय." मग जरा दम खाऊन, "आत थेंब नाही."

पलीकडे बाई हसत होत्या. "मग मी आता काय सांगू तुम्हाला? त्यांना त्रास देऊ नका."

"त्रास? मी म्हणतोय त्यांना खायला काय घालायचं ते सांगा."

लाकूड घालायच्या दोन खेपांमध्ये, घामाने निथळत, भट्टीवालीने भावाला विचारले, "तुझ्या धबधब्याकडे त्याने बघितलं का नाही रे? खरं सांग."

ढगोबा लाकडे निवडत होता. "नाटकात पाणी आणता येत नाही. रंगमंच भिजतो, वायरी भिजतात."

"म्हणजे?"

"वाटाणे. सुके वाटाणे, चाळणीत. एक माणूस मोठी चाळणी फिरवायचा, एक छोटी."

मशीनवाला खाली बसला. त्याला हसू आवरत नव्हते.

"बारा वर्षं?" तो म्हणाला. "बारा वर्षं लोकांनी वाटाण्यांसाठी चष्मे पुसले?"

"लोकांना पाणी ऐकू यायचं. यांना वाटाणे ऐकू आले. प्रेक्षक प्रेक्षकात फरक असतो."

"आणि पाऊस?" भट्टीवालीने विचारले.

"पावसाला तांदूळ."

त्यावर ती इतकी हसली की एक खेप चुकता चुकता राहिली.

पहाटे भट्टी जशी हवी तशी तापली. झरोक्यातून पाहताना पाचही रांजणांच्या अंगावर ओली चकाकी होती आणि कडा उजेडात विरघळल्यासारख्या दिसत होत्या. भट्टीवालीने वरची पाडलेली भोके, झरोका, झडप सगळे चिखलाने बंद केले. तळ्याकडच्या तोंडाचे काम तिला करावे लागले नाही. ते तोंड बाहेरून सपाट, जाड, बोटांच्या ठशांनी भरलेले असे लिंपलेले होते आणि पाणी त्याच्यावर एक वीट चढून उभे होते. झडप लिंपण्याआधी ढगोबाने तिच्यातून कंदील धरून बोगद्यात पाहिले होते. भिंत ओलसर होती, जमीन कोरडी.

मग स्पीकर बंद केला. त्या शांततेत भट्टीवालीला आधी झोप लागली नाही, मग एकदम लागली.

दुपारी मशीनवाल्याने दुसरा काळा पाइप टाकला, हाताने. बाई येऊन बघून गेल्या. बोगद्याचे लिंपण त्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले आणि हे पाडायचे झाले तर आधी मला विचारा, असे सांगितले. मशीनवाला म्हणाला की पाडायचे कोणाच्या मनातच नाही, पुढच्या भट्टीसाठी हवा कुठून घ्यायची एवढाच प्रश्न आहे. पुढची भट्टी कोणाची, हे त्याने म्हटले नाही आणि भट्टीवालीनेही विचारले नाही.

तळे आता उतरते आहे, दिवसाला अर्धी वीट. भट्टी आठवडाभर उघडायची नाही. आतली उष्णता आपल्या चालीने उतरावी लागते. रांजणांचा रंग काय झाला असेल ते सांगता येत नाही. गुदमरलेल्या जाळात झिलई वेगळीच फिरते. कधी ती काळी पडून वाया जाते, कधी असा लाल येतो की मुद्दाम करायला गेले तर साधत नाही. भट्टीवाली दिवसातून दोन-तीनदा भट्टीच्या अंगावर तळहात ठेवते आणि परत जाते.

काल, तिसऱ्या दिवशी, सकाळी ती तशीच हात ठेवून उभी असताना आतून एक आवाज आला. लहान, स्वच्छ, एकदाच. झिलई निवताना असा टिंग करते. त्यात काळजीचे काही नसते. रांजणाला चीर जातानाही पहिला आवाज असाच असतो; तो तिने पूर्वी दोनदा ऐकला आहे.

तिने भावाला हाक मारली. तो जायला निघाला होता, गाडीत सामान भरत होता. त्याने येऊन विटेला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला.

"कशाचा होता?" तिने विचारले.

"एकदाच वाजला. एकदा वाजलेल्यावरून मी सांगत नाही."

"दारापाशीचा वाटला मला. पहिल्याचा."

"दारापाशीचा होता," तो म्हणाला. "पुढचं नाही सांगता येत."

त्याने गाडीतले सामान परत उतरवले. दोघांनी भट्टीशेजारी खुर्च्या टाकल्या. संध्याकाळी साडेसहापर्यंत आतून दुसरा आवाज आलेला नव्हता.